विजय हजारे : एका धंदेवाईक खेळाडूची मुशाफरी



मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस म्हसवडास श्रीसिद्धनाथाचा रथ निघतो. माणगंगेच्या कांठचा हा मुलूख पावसानें जवळजवळ वाऱ्यावर सोडलेला. पण त्या दिवशीं गांवांत माणूस मावत नाहीं. आमच्या भागांतील कोणतीहि मोठी यात्रा घ्या, रथ किंवा पालखी झाली कीं लोकांचे पाय कुस्त्यांच्या फडाकडे वळतात. लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात, मग नारळावर, मग रुपयांवर, आणि दिवस कलतां कलतां नांवाजलेल्या पैलवानांची जोड सुटते. आपण हलगी ऐकतों, इनामाचा आंकडा ऐकतों, टाळ्या देतों आणि घरीं येतों. तो पैलवान मात्र दुसऱ्या दिवशीं पहांटे वळकटी बांधून पुढच्या यात्रेची वाट धरतो. त्याच्या खुराकाचा खर्च कोण चालवितो, हात मोडला तर घर कसें चालतें, आणि चाळिशी उलटल्यावर तो काय करतो, हे प्रश्न फडाबाहेर सहसा कोणी विचारीत नाहीं.

आजचा विषय कुस्ती नाहीं. परंतु अंगच्या खेळावर पोट भरणारा आणि त्यासाठीं मुलूखभर हिंडणारा माणूस आपल्याकडे नवा नाहीं, एवढें आरंभींच ध्यानांत आणून द्यावयाचें होतें. अशाच एका माणसाची हकीकत मी आज सांगणार आहें. त्याच्या हातांत बॅट होती, एवढाच काय तो फरक. त्यांचें नांव विजय सॅम्युएल हजारे. हिंदुस्थानचे थोर फलंदाज म्हणून त्यांचें नांव सर्वांस ठाऊक आहे. त्यांचीं शतकें मुलांना पाठ असतात. पण हजारे हे जन्मभर खेळाची चाकरी करणारे एक धंदेवाईक खेळाडू होते, आणि त्या चाकरीपायीं त्यांना सांगलीहून देवास, देवासहून बडोदें आणि बडोद्याहून थेट लँकशायरच्या गिरणगांवांपर्यंत जावें लागलें, ही बाजू आपण क्वचितच पाहतों.

त्यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजीं सांगलीस झाला. वडील शिक्षक, घरांत आठ भावंडें, कुटुंब मराठी ख्रिस्ती. शिक्षकाच्या पगारांत आठ मुलांचा संसार म्हणजे काय, हें श्रोत्यांपैकीं पुष्कळांना सांगावयास नको. अशा घरांतील मुलानें क्रिकेट खेळावें, यांत त्या काळीं कांहीं वावगें नव्हतें. पण क्रिकेटच खेळत राहावें, ही मात्र चैन होती. ती परवडणारे लोक निराळे. प्राध्यापक दि. ब. देवधरांसारखा विद्वान् कॉलेजांत संस्कृत शिकवी आणि सुट्टीच्या दिवशीं महाराष्ट्राचें नेतृत्व करी. श्रीमंतांचीं मुलें जिमखान्यावर खेळत. यांना म्हणावयाचें हौशी खेळाडू. ज्याला खेळाबद्दल पैसा घ्यावा लागे तो धंदेवाईक, आणि या शब्दांत थोडीशी हेटाळणी असे.

ही हेटाळणी आपल्याकडे इंग्लंडांतून आली. तेथें १९६२ पर्यंत क्रिकेटपटूंच्या दोन जाती होत्या असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. हौशी आणि धंदेवाईक एकाच संघांतून खेळत, पण पुष्कळ मैदानांवर त्यांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या असत, आंत येण्याचे दरवाजे वेगळे असत. गुणपत्रिकेवर हौशी गृहस्थाचीं आद्याक्षरें आडनांवापूर्वीं छापीत, धंदेवाईकाचीं आडनांवानंतर. धांवा मात्र दोघांच्या सारख्याच मोजल्या जात!

हिंदुस्थानांत याची तिसरीच तऱ्हा निघाली. येथें क्लबांच्या हातीं पैसा नव्हता, प्रेक्षकांच्या तिकिटांवर कोणाचें पोट भरणें शक्य नव्हतें. पैसा होता तो संस्थानिकांपाशीं. पतियाळा, नवानगर, होळकर, बडोदें अशा दरबारांना एकमेकांशीं लढाया करण्याची सोय इंग्रज सरकारनें ठेवली नव्हती. ती हौस पुष्कळांनीं क्रिकेटच्या मैदानावर भागवून घेतली. चांगला गोलंदाज किंवा फलंदाज दिसला कीं त्याला दरबारीं ठेवून घ्यावयाचें. कागदोपत्रीं तो लष्करांत असे, नाहीं तर खासगी खात्यांत. खरें काम एकच. आमच्याकडील लहान संस्थानेंहि यांत मागें नव्हतीं, प्रत्येकाची आवड मात्र निराळी. औंधच्या पंतप्रतिनिधींनीं सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला. जतचे विजयसिंहराव डफळे यांना क्रिकेटनें झपाटलें.

हजारे यांना पहिला मोठा आश्रय मिळाला तो देवास थोरल्या पातीचे महाराज विक्रमसिंहराव पवार यांचा. (हेच पुढें १९४७ सालीं शहाजी छत्रपति म्हणून कोल्हापूरच्या गादीवर आले.) त्यामुळें १९३४-३५ सालीं, म्हणजे रणजी करंडकाच्या अगदीं पहिल्या हंगामांत, महाराष्ट्राकडून खेळलेले हजारे पुढचीं कांहीं वर्षें मध्य हिंदुस्थानच्या संघांत दिसतात. आजचा वाचक आंकडे चाळतांना गोंधळतो कीं हा सांगलीकर मध्येंच माळव्यांत कसा गेला? उत्तर सरळ आहे : धनी जेथें, तेथें चाकर.

याच काळांत एक योग जुळून आला. १९३७-३८ सालीं जतच्या अधिपतींनीं क्लॅरी ग्रिमेट या ऑस्ट्रेलियन फिरकी गोलंदाजास शिकविण्यासाठीं आपल्याकडे बोलाविलें. कसोटी सामन्यांत २१६ बळी मिळविणारा हा मनुष्य जतसारख्या कोरड्या, उन्हानें भाजलेल्या मुलखांत येऊन राहतो, ही कल्पनाच आज नवलाची वाटते. हजारे त्याच्या हाताखालीं शिकले. त्यांची उभें राहण्याची ढब पुस्तकी नव्हती. बॅटीच्या दांड्यावर दोन हातांत अंतर, आणि बॅट दोन्ही पायांच्या मधोमध रुतवून ठेवलेली. आपल्याकडचा एखादा मास्तर पहिल्याच दिवशीं छडी घेऊन ती मोडावयास बसला असता. ग्रिमेटनें ती ढब मोडली नाहीं. शिष्याचें वांकडें दिसणारें वळण जर चेंडू नीट अडवीत असेल, तर त्याला हात लावूं नये, एवढी समज ज्याला आहे तोच खरा गुरु, असें मला वाटतें. आणि असे गुरु विरळाच.

पुढें हजारे पुन्हां महाराष्ट्राकडून खेळूं लागले. १९३९-४० आणि १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें देवधरांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें रणजी करंडक जिंकला. त्यांपैकीं पहिल्याच वर्षीं पुण्यास बडोद्याविरुद्ध हजारे यांनीं नाबाद ३१६ धांवा काढल्या. हिंदी खेळाडूनें पहिल्या प्रतीच्या सामन्यांत केलेलें हें पहिलें त्रिशतक. आतां गंमत पाहा. ज्या बडोद्याच्या गोलंदाजांना त्यांनीं असें झोडपून काढलें, त्याच बडोद्याच्या दरबारानें त्यांना थोड्याच दिवसांत आपल्या पदरीं घेतलें. १९४१ पासून वीस वर्षें हजारे बडोद्याचे राहिले. मला तर वाटतें कीं याहून चांगला नोकरीचा अर्ज कोणी केला नसेल.

परंतु दरबारीं नोकरी कोणतीहि असो, मुंबईच्या मोठ्या सामन्यांत त्या वेळीं माणसाची ओळख जातीधर्मावरून होई. ही गोष्ट तरुण श्रोत्यांना नीट सांगितली पाहिजे. पूर्वीं मुंबईस युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान असे चार संघ खेळत. ते चतुरंगी सामने. १९३७ सालीं त्यांत पांचवा संघ आला व स्पर्धा पंचरंगी झाली. हा पांचवा संघ कोणाचा? जे या चौघांपैकीं कोणांतच बसत नव्हते त्यांचा. त्यांत देशी ख्रिस्ती आले, अँग्लो-इंडियन आले, ज्यू आले. नांवहि तसेंच : 'इतर'. सांगलीच्या मराठी शिक्षकाचा मुलगा, घरांत मराठी बोलणारा, महाराष्ट्राकडून त्रिशतक करणारा. पण ब्रेबोर्न स्टेडियमवर तो 'इतर'. ज्या हिंदू संघाविरुद्ध तो खेळे त्यांत त्याचेच महाराष्ट्रांतील सोबती असत. महात्मा गांधींनीं १९४० सालीं या जातवार सामन्यांविरुद्ध स्पष्ट मत दिलें. १९४६ नंतर ते कायमचे बंद झाले, आणि चांगलें झालें. तरीहि त्या सामन्यांना लोक जी गर्दी करीत तशी गर्दी रणजी सामन्यांना कधीं झाली नाहीं. बॉबी तल्यारखान एकटे दिवसभर रेडिओवर बोलत आणि लोक दुकानांपुढें घोळका करून ऐकत.

१९४३-४४ च्या पंचरंगी स्पर्धेंत जें घडलें तें एखाद्या नाटकासारखें आहे. या स्पर्धेंतील वैयक्तिक धांवांचा उच्चांक विजय मर्चंट यांच्या नांवावर होता, नाबाद २४३. हजारे यांनीं मुसलमान संघाविरुद्ध २४८ करून तो मोडला. अंतिम सामना हिंदू आणि इतर यांचा. मर्चंट फलंदाजीस आले आणि नाबाद २५० करून उच्चांक परत घेऊन गेले. हिंदूंनीं ५ बाद ५८१ वर डाव सोडला. इतरांचा पहिला डाव १३३ धांवांत आटोपला. फॉलोऑन मिळाला, दुसऱ्या डावांतहि गडी पटापट गेले, आणि मग विजय हजारे यांच्या जोडीला त्यांचे धाकटे बंधु विवेक आले. दोघांनीं मिळून ३०० धांवांची भागीदारी केली. तींत विवेकच्या धांवा किती असाव्यात? अवघ्या २१! थोरला भाऊ धांवा काढतो आहे आणि धाकटा तासामागून तास दुसरें टोंक धरून उभा आहे. इतरांचा डाव ३८७ वर संपला. त्यांत हजारे यांच्या ३०९, म्हणजे शेंकडा ऐंशीच्या जवळपास. उच्चांक पुन्हां त्यांच्याकडे आला. सामना मात्र हिंदूंनीं एक डाव ६१ धांवांनीं जिंकला. विवेकच्या त्या एकवीस धांवांचें मोल गुणपत्रिकेवरून कळत नाहीं. मी असे पाठीराखे भाऊ शेतावर पाहिले आहेत. मोट एक हांकतो, पाणी दुसरा धरतो, आणि पिकाला नांव पहिल्याचें लागतें.

बडोद्याची चाकरी त्यांनीं फेडली ती मार्च १९४७ मध्यें. रणजी करंडकाचा अंतिम सामना बडोदें विरुद्ध होळकर. समोर कर्णल सी. के. नायडू. होळकरांचा पहिला डाव २०२ धांवांत संपला. बडोद्याचे ९१ धांवांत तीन गडी गेले. तेथून हजारे आणि गुल महंमद यांनीं जी जोडी जमविली ती ५७७ धांवांनंतर फुटली. गुल महंमद ३१९, हजारे २८८. क्रिकेटच्या इतिहासांत कोणत्याहि गड्यासाठीं इतकी मोठी भागीदारी तोंवर झाली नव्हती, आणि पुढें एकुणसाठ वर्षें झाली नाहीं. २००६ सालीं लंकेच्या संगकारा व जयवर्धने यांनीं ६२४ धांवा करून ती मागें टाकली. बडोद्यानें ७८४ धांवा केल्या व सामना एक डाव ४०९ धांवांनीं जिंकला. गुल महंमद लाहोरचे. त्याच वर्षीं ऑगस्टांत देशाची फाळणी झाली. पुढें ते पाकिस्तानचे नागरिक झाले आणि त्या देशाकडूनहि कसोटी खेळले. उन्हाळ्याच्या तोंडाशीं खेळपट्टीवर उभे असलेले ते दोघे, एक लाहोरचा मुसलमान आणि एक सांगलीचा ख्रिस्ती, एका मराठा दरबारचे नोकर होते, हें आंकड्यांच्या गर्दींत विसरलें जातें.

देशाबाहेर हजारे प्रथम गेले ते १९३८ सालीं राजपुताना क्लबाबरोबर इंग्लंडांत. युद्धामुळें पुढचीं वर्षें वायां गेलीं. कसोटी खेळावयास त्यांना वयाच्या एकतिसाव्या वर्षापर्यंत, जून १९४६ पर्यंत, थांबावें लागलें. धंदेवाईक खेळाडूच्या आयुष्यांत उमेदीचीं सहा-सात वर्षें म्हणजे शेतकऱ्याचे सहा-सात पावसाळे. तीं परत येत नाहींत.

१९४७-४८ सालीं लाला अमरनाथ यांच्या नेतृत्वाखालीं आपला संघ ऑस्ट्रेलियास गेला. सिडनीस हजारे यांनीं डॉन ब्रॅडमनचा १३ धांवांवर त्रिफळा उडविला. हजारे मध्यमगतीनें चेंडू टाकीत आणि धंदेवाईकाला दोन्ही कामें यावीं लागतात. पण खरी कसोटी लागली ती जानेवारी १९४८ मध्यें अॅडलेडला. ऑस्ट्रेलियानें ६७४ धांवांचा डोंगर रचला. ब्रॅडमनच्या २०१, हॅसेटच्या नाबाद १९८. आपल्या पहिल्या डावांत हजारे यांनीं ११६ केल्या, आणि कोल्हापूरचे दत्तू फडकर यांनीं १२३ करून त्यांना उत्तम साथ दिली. फॉलोऑन मिळालाच. दुसऱ्या डावांत धांवफलकावर शून्य असतांना मंकड आणि अमरनाथ दोघेहि परतले. समोर लिंडवॉल आणि मिलर, जगांतले त्या वेळचे सर्वांत भयंकर जलद गोलंदाज. लिंडवॉलनें त्या डावांत ३८ धांवांत ७ गडी मारले. त्या पडझडींत हजारे यांनीं १४५ धांवा केल्या. संघाच्या सगळ्या मिळून २७७. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले हिंदी खेळाडू. सामना आपण एक डाव १६ धांवांनीं हरलों. तो संपल्यावर दोनच दिवसांनीं दिल्लींत गांधीजींची हत्या झाली.

हजारे यांच्या मोठ्या खेळींचें हें एक दुर्दैव आहे कीं त्यांतल्या पुष्कळ पराभवांत किंवा अपुऱ्या विजयांत सामावल्या आहेत. फेब्रुवारी १९४९ मध्यें मुंबईस वेस्ट इंडीजविरुद्ध जिंकावयास ३६१ हव्या होत्या. हजारे यांनीं १२२ केल्या. आपण ८ बाद ३५५ पर्यंत पोंचलों, अवघ्या सहा धांवा उरल्या, आणि पंचांनीं वेळेपूर्वींच यष्ट्यांवरील दांड्या उचलल्या. षट्कांतला एक चेंडू बाकी होता असें म्हणतात. जुनीं माणसें अजून या गोष्टीवर चिडतात.

त्याच १९४९ सालच्या मे महिन्यांत बडोदें संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें. एका पाठोपाठ एक दरबार मिटले. लोकशाहीच्या दृष्टीनें तें इष्टच होतें. पण ज्यांची भाकरी दरबारावर होती त्या गवयांना, पैलवानांना आणि क्रिकेटपटूंना नवी वाट शोधणें भाग पडलें. क्रिकेटपटूंपुरती एक वाट आधींच मळलेली होती. ती लँकशायरला जात असे. हजारेहि त्या वर्षांत तिकडे गेले. रॉटेनस्टॉल आणि पुढें रॉयटन या क्लबांकडून ते खेळले.

ही लँकशायर लीग म्हणजे काय, हें थोडें विस्तारानें सांगतों, कारण तिच्याशिवाय धंदेवाईक खेळाडूचें जिणें कळणार नाहीं. उत्तर इंग्लंडांतील डोंगरांच्या घळींत वसलेलीं हीं सुतगिरण्यांचीं गांवें. १८९२ पासून त्यांच्या क्लबांची लीग चालू आहे. संघांतील दहाजण गांवचेच : कोणी विणकर, कोणी कारकून, कोणी दुकानदार. अकरावा एकटा पगारी. नियमच असा कीं प्रत्येक क्लबानें एकच धंदेवाईक ठेवावा. त्यामुळें त्या एकाकडून अपेक्षा केवढी! त्यानें धांवा काढाव्यात, त्यानेंच गोलंदाजी करावी, आठवड्यांत संध्याकाळीं क्लबाच्या पोरांना शिकवावें, आणि शनिवारीं दुपारीं सामना जिंकून द्यावा. सामना एका दुपारचाच. गिरणी सुटली कीं लोक मैदानावर. तीन-तीन दिवस खेळपट्टीवर मुक्काम करण्याची ज्याची संवय, त्याला हें जमवून घेणें सोपें नव्हे. खेळपट्टी ओलसर, आभाळ भरलेलें, चेंडू टप्पा पडल्यावर घुटमळणारा. शिवाय युद्धोत्तर इंग्लंडांत तेव्हां शिधापत्रिकेचा अंमल; साखर, मांस, चहासुद्धां मोजून.

पगार ठरलेला असे, पण त्याखेरीज एक रीत होती. धंदेवाईकानें पन्नास धांवा केल्या किंवा ठराविक बळी मिळविले कीं मैदानाभोंवतीं पेटी फिरवीत आणि जमलेले लोक आपल्या खिशांतून पेन्या-शिलिंग टाकीत. हिला तेथें 'कलेक्शन' म्हणत. आमच्या फडांत पैलवानावर खूष होऊन लोक फेट्यांत रुपये टाकतात त्याचीच ही बहीण. महाराजांच्या तनख्यांत आणि या पेटींत फरक काय? तनखा एका माणसाच्या मर्जीवर. पेटी चारदोनशें मजुरांच्या. मला स्वतःला पेटी अधिक मानाची वाटते. मात्र तनखा शून्यावर बाद झालें तरी मिळतो, पेटी मिळत नाहीं!

हजारे या वाटेचे पहिले प्रवासी नव्हेत. वेस्ट इंडीजचे लिअरी कॉन्स्टंटाइन १९२९ पासून नेल्सन क्लबाकडे होते, त्यांच्यानंतर १९३८ सालीं लाला अमरनाथ तेथेंच गेले. रॉटेनस्टॉलच्या शेजारच्या बेकपला पुढें एव्हर्टन वीक्स आले. म्हणजे शनिवारीं दुपारीं त्या डोंगराळ गिरणगांवांत बार्बाडोसचा, सिडनीचा आणि सांगलीचा माणूस समोरासमोर येई. नंतर सुभाष गुप्ते रिश्टनला गेले, विनू मंकड हॅस्लिंग्डनला.

मंकड यांच्या नोकरीवरून १९५२ सालीं जो प्रसंग ओढवला तो या धंद्याची सगळी अडचण उघडी करतो. आपला संघ इंग्लंडला जाणार होता. मंकड यांनीं मंडळास विचारलें कीं संघांत माझी निवड होईल अशी हमी द्याल काय. नसेल तर मी हॅस्लिंग्डनचा करार घेतों. मंडळानें हमी नाकारली. मंकड यांनीं करार केला. त्या दौऱ्याचे कर्णधार हजारे. १९५१-५२ च्या हिंवाळ्यांत त्यांनीं इंग्लंडविरुद्ध दिल्लीस नाबाद १६४ आणि मुंबईस १५५ केल्या होत्या, आणि फेब्रुवारी १९५२ मध्यें मद्रासला त्यांच्याच नेतृत्वाखालीं, मंकड यांनीं बारा गडी मारले तेव्हां, आपण कसोटीमध्यें पहिला विजय मिळविला होता : पंचविसावा सामना, आणि पहिल्या सामन्यास वीस वर्षें होत आलेलीं. असा हा कर्णधार आपला सर्वांत मोठा गोलंदाज गमावून लीड्सच्या मैदानावर उतरला.

लीड्सला पहिल्या डावांत हजारे (८९) आणि विजय मांजरेकर (१३३) यांनीं २२२ धांवांची भागीदारी करून मान राखली. दुसऱ्या डावांत चौदा चेंडूंत आपले चार गडी बाद झाले आणि धांवफलकावर शून्य होतें. शून्यावर चार! तीन गडी फ्रेड ट्रूमन या एकवीस वर्षांच्या पोरानें घेतले. त्याचा तो पहिलाच कसोटी सामना. हजारे त्या शून्यांत आले, पहिले चेंडू शांतपणें अडविले, आणि ५६ धांवा केल्या. पराभवानंतर मंडळास जाग आली. हॅस्लिंग्डनशीं बोलणें करून मंकड यांना उरलेल्या कसोट्यांसाठीं मागून आणलें. लॉर्ड्सवर त्यांनीं ७२ आणि १८४ धांवा केल्या. मालिका आपण हरलोंच. मँचेस्टरला एका दिवसांत ५८ आणि ८२ अशा दोन्ही डावांची वाताहत झाली.

त्या मालिकेंत नाणेफेकीच्या वेळचा एक देखावा मात्र विसरण्यासारखा नाहीं. हजारे यांच्या समोर उभे होते लेन हटन, विसाव्या शतकांत इंग्लंडचें नेतृत्व करणारे पहिले धंदेवाईक खेळाडू. तोंवर तो मान हौशी गृहस्थांसाठीं राखलेला. दोन देशांचे कर्णधार, दोघेहि मोलानें खेळणारे. इकडे त्याच वर्षीं जुलैंत आमच्याच जिल्ह्यांतील, कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीला कांस्यपदक जिंकीत होते. ते हौशी, म्हणून त्यांच्या प्रवासासाठीं गांवोगांव वर्गणी जमवावी लागली आणि कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनीं आपलें घर गहाण टाकलें. हौशी म्हणवून घेण्याची किंमत शेवटीं कोणी तरी भरतोच. पुढच्या काळांत तो भार रेल्वेनें आणि पोलीस खात्यानें उचलला. आमच्या माण तालुक्यांतील मोहीच्या ललिता बाबर २०१६ सालीं रिओला स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतींत धांवल्या, त्या रेल्वेच्या खेळाडू म्हणून. दरबार गेले, रेल्वे आली.

कर्णधारपद हजारे यांना मानवलें नाहीं. ते अबोल, हुकूम सोडणें त्यांच्या स्वभावांत नव्हतें. कर्णधारपदाच्या ओझ्यामुळें त्यांच्यांतील फलंदाज पूर्ण फुलला नाहीं, असें मर्चंट यांनीं पुढें बोलून दाखविलें. चौदा कसोट्यांत एक विजय, पांच पराभव, आठ बरोबरी. १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यानंतर ते पुन्हां कसोटी खेळले नाहींत. तीस कसोट्या, २१९२ धांवा, सात शतकें. पहिल्या प्रतीच्या एकूण सामन्यांत साठ शतकें आणि अठरा हजारांवर धांवा. बडोद्यासाठीं मात्र ते खेळतच राहिले. १९५७-५८ सालीं बडोद्यानें पुन्हां रणजी करंडक जिंकला तेव्हां बेचाळिशी ओलांडलेले हजारे संघांत होते. त्या वेळीं दरबार नव्हता, तनखा नव्हता. गांव मात्र त्यांचें झालें होतें.

१९६० सालीं सरकारनें त्यांना पद्मश्री दिली. जसू पटेल यांच्यासह ती मिळविणारे ते पहिले क्रिकेटपटू. आज त्यांच्या नांवानें देशांतील राज्यांच्या संघांची एकदिवशीय स्पर्धा खेळली जाते. जो मनुष्य एकेका चेंडूला विचार करून उत्तर देई, त्याच्या नांवाचा करंडक घाईच्या खेळाला लागावा, याचें मला हंसू येतें. त्यांना आलें असतें कीं नाहीं, कोण जाणे. १८ डिसेंबर २००४ रोजीं, वयाच्या एकुणनव्वदाव्या वर्षीं, ते बडोद्यास वारले.